एकासाठी की दोघांसाठी?

आपल्या मंडळाचा पाडवा पाडव्याला होत नाही, हॉल मिळेल तेव्हा होतो, हे जुन्या सभासदांना सांगायला नकोच. मागे एकदा कमिटीच्या बैठकीत कोणीतरी सुचवले, की गुड फ्रायडेची सुट्टी असते, सगळे घरीच असतात, तेव्हाच कार्यक्रम उरकून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. हॉलचे बुकिंग आमच्याकडे होते. आम्ही म्हटले, "हॉल मिळणार नाही." "फोन न करताच कसं सांगता?" "अहो, हॉल चर्चचा आहे!" क्षणभर शांतता, मग हशा. आणि मग चिटणीसबाई एकदम ओशाळून म्हणाल्या, "म्हणजे तो तुमचा सण ना? आणि आम्ही तुम्हालाच खुर्च्या मांडायला बोलावतोय."

त्या दिवसापासून संपादकांचा तगादा होता, की ईस्टरवर काहीतरी लिहा. दर वर्षी 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणावे की नाही असे विचारणारे दोन-तीन फोन येतातच. (म्हणू नये. ईस्टरला म्हणा.) पण पुनरुत्थानावर व्याख्यान देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, धर्मशास्त्रज्ञ नव्हे. म्हणून इतकी वर्षे टाळले. आता लिहितो आहोत ते आईमुळे. तिच्या वेळी मंडळातल्या पुष्कळांनी आम्हाला प्रश्न विचारले, आणि तेव्हा आम्ही कोणालाच धड उत्तर दिले नव्हते.

आधी एक शब्द. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला 'मंडळी' म्हणतो. 'आमची मंडळी' म्हणजे आमचा चर्चसमुदाय, बायको नव्हे. त्यामुळे आमच्या घरात रविवारी सकाळी 'मंडळी' आणि संध्याकाळी 'मंडळ' असा कार्यक्रम असतो, आणि दोन्हीकडे चहाची भांडी आम्हीच विसळतो.

आम्ही मूळचे अहमदनगरचे. २०२४ साली शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी आधीही नुसते 'नगर' होते आणि आताही तेच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ साली सुरू झाले. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथूनच निघाले. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केली तीही नगरलाच. रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' यांमुळे आपल्यापैकी बहुतेकांना नगरचे ख्रिस्ती घर निदान पुस्तकातून तरी माहीत असते. पण टिळक किंवा पंडिता रमाबाई यांच्यासारखी ब्राह्मण घरातून आलेली माणसे मोजकी. आमच्यासारख्या बहुतेक घराण्यांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेरचे, महार-मांग समाजातले. ज्यांची सावली गावाला चालत नव्हती, ज्यांच्या मढ्याची वाटसुद्धा वेगळी होती, त्यांना कोणीतरी येऊन सांगितले, की तुझे हे शरीर देवाने टाकून दिलेले नाही, ते तो पुन्हा उठवणार आहे. आत्मा अमर आहे हे त्यांनी आधीही ऐकले असेल. शरीराबद्दल त्यांना चांगले कोणी काही बोलले नव्हते.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे, हे इथेच सांगून टाकतो, कारण गल्लत नेहमी होते. आत्म्याने जुने वस्त्र टाकून नवे घेतले, असा हा हिशेब नाही. माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि शेवटी तोच, त्याच नावाने हाक मारल्यावर उठतो, अशी श्रद्धा आहे. म्हणून देह मातीत ठेवायचा, पाटीवर नाव लिहायचे आणि जागा सांभाळायची. इंग्रजीतल्या 'सेमेटरी' शब्दाचे ग्रीक मूळ पाहिले तर अर्थ निघतो झोपायची जागा. (दफनभूमीत सगळे एका रांगेत झोपतात आणि तिथे जात राहत नाही, असे लिहायला आम्हाला आवडले असते. पण ख्रिस्ती समाजातूनही जात पुरती गेलेली नाही, सोयरीक जुळवताना ती हळूच डोके वर काढते.)

लहानपणीचा ईस्टर आठवतो तो असा. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना. येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, त्यांवर सात जणांची प्रवचने. सातवा वक्ता उभा राहीपर्यंत बाकावरची निम्मी मुले पेंगलेली असत, आणि बाहेर नगरचे ऊन. शनिवार रिकामा, विचित्र, कोणी मोठ्याने बोलत नसे. संध्याकाळी आई बाजारातून मोगरा, निशिगंध, झेंडू आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी. पहाटे चारला ती उठवायची. अंधारातच सगळी मंडळी गात निघायची, पुढे पेटी गळ्यात अडकवलेले एक काका, मागे टाळ, आणि टिळकांची भजने अभंगाच्या चालीवर. लांबून ऐकणाऱ्याला वाटावे, दिंडीच चालली आहे.

दफनभूमीत पोचल्यावर प्रत्येक घर आपापल्या माणसाकडे जायचे. आजीची कबर आम्ही बादलीभर पाण्याने धुवायचो, फुले वाहायचो, मेणबत्ती लावायचो. हळूहळू सगळीकडे उजेडाचे ठिपके दिसू लागत. मग पूर्वेला फटफटले की पाळक मोठ्याने सांगत, प्रभू उठला! आणि सगळीकडून उत्तर येई, खरेच उठला! त्यानंतर चहा आणि खारी. मुले कबरींमधून पकडापकडी खेळत आणि त्या एका दिवशी कोणी रागवत नसे. स्मशानाची भीती वाटते म्हणजे काय, हे आम्हाला बरेच मोठे होईपर्यंत माहीत नव्हते.

इथले आमचे चर्च लाल विटांचे, व्हिक्टोरियन. रविवारी पंचवीस-तीस डोकी, बहुतेक सत्तरीपुढची. इथे सगळ्याची पाळी ठरलेली असते. फुलांची पाळी, पितळ घासायची पाळी, चहाची पाळी. यादी दारावर लावलेली. आमची मराठी उपासना वर्षातून तीनचार वेळा, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत. नगर, कोल्हापूर, मिरजेकडची घरे, आणि वसईची दोन कॅथलिक कुटुंबे. भारतात असतो तर आम्ही एकमेकांच्या चर्चची पायरीही चढलो नसतो कदाचित; इथे एकाच 'उपासना संगीता'तून गातो.

बाबा २०१५ साली नगरला गेले. त्यानंतर आई आमच्याकडे आली. (आम्हा दोघांपैकी एकाची ती आई आणि एकाची सासू, पण हाक एकच, म्हणून इथेही 'आई'च लिहितो.) येताना तिने दोन गोष्टी केल्या. 'उपासना संगीत' बॅगेत घातले आणि बाबांच्या शेजारची जागा स्वतःसाठी राखून ठेवली. इंग्रजी तिचे कामापुरते. चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळे इंग्रजीत म्हणत, ती मराठीत म्हणे, आणि तिची जरा उशिरा संपे. सगळ्यांचे आमेन होऊन गेल्यावर एक आमेन मागाहून ऐकू यायचे. पहिल्यांदा लोक वळून बघत. पुढे पुढे व्हिकार तिच्यासाठी थांबू लागल्या.

२०२४ च्या फेब्रुवारीत, ५ तारखेला पहाटे, ती इस्पितळात गेली.

नगरला सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळी माती मिळते. इथे सतरा दिवस लागले. दाखला, रजिस्ट्रार, हिरवा कागद, मग कौन्सिलच्या दफनभूमीत दिवस मोकळा मिळणे. आपण सगळे वर्षानुवर्षे इथे राहतो, पण ही गोष्ट अंगावर आल्याशिवाय कळत नाही. त्या सतरा दिवसांत आमची चूल पेटली नाही, इतके डबे मंडळातून आले. कोणाकडून काय आले याची यादी अजून फ्रिजवर आहे. तेवढे आभार इथे छापील मानून घ्या. प्रश्नही आले, तेही प्रेमाने. दहावा कुठल्या दिवशी धरता? अस्थी नाशिकला न्यायच्या असतील तर आमचा भाऊ तिथेच आहे. दहावा नाही, अस्थी नाहीत, एवढेच आम्ही सांगितले असेल. पुढचे सांगायला सुचले नाही, कारण आमचेच ठरत नव्हते.

फ्युनरल डायरेक्टर सभ्य माणूस होता. त्याने वहीत लिहीत विचारले, "सिंगल की डबल?" हॉटेलात खोली विचारावी तसे. आम्हाला कळेना. मग त्याने समजावले, की इथे कबर बहुधा दोघांच्या खोलीची खणतात. नवरा-बायको असतात, एक आधी, एक नंतर. तुमची कोणासाठी? एकासाठी की दोघांसाठी?

आईचे दुसरे माणूस नगरला होते, आणि त्याच्या शेजारी तिची जागा रिकामी होती.

पर्याय तीन होते. एक, शवपेटी विमानाने नगरला नेणे. होते तसे, पुष्कळ जण नेतात. पण त्यासाठी देहात फॉर्मॅल्डिहाइड भरावे लागते. हा पदार्थ आम्ही प्रयोगशाळेत कित्येक वर्षे हाताळलेला. त्याची बाटली, त्याचा वास, त्याची सावधगिरीची चिठ्ठी, सगळे पाठ. आईच्या संदर्भात ते नाव कागदावर वाचले आणि पुढे वाचवेना. दुसरा, इथे दहन करून रक्षा बाबांच्या कबरीत ठेवणे. प्रोटेस्टंट मंडळींना याला आडकाठी नाही, कॅथलिक चर्चनेही १९६३ पासून दहनाला मुभा दिलेली आहे. शास्त्रदृष्ट्या आम्हाला काहीच अडचण नव्हती. पण आईने कोणाही आप्ताला जाळलेले पाहिले नव्हते, आणि तिच्यावर तो पहिला प्रयोग करायला आमचा हात होईना. तिसरा, इथेच.

नगरहून काकांचा फोन आला. "दादाशेजारी वहिनीची जागा राखलीय. तुम्ही तिला तिकडं त्या थंडीत ठेवणार?" आम्ही गप्प. काकांनी फोन ठेवला.

त्याआधीच्या उन्हाळ्यात बागेत कोथिंबीर पेरताना आई एकदा म्हणाली होती, "मी गेले तर विमानबिमान करू नका. जिथं असेन तिथं पेरा. उगवायचं काम त्याचं." 'पुरा' नव्हे, 'पेरा'. हा तिचा शब्द नव्हता, पौलाचा होता. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल देहाला बी म्हणतो. पेरतो ते दाण्यासारखे, उगवते ते काहीतरी वेगळेच. आई शेतकऱ्याची मुलगी, तिला तो अध्याय समजावून सांगावा लागला नव्हता. पण ती हे सहज बोलली होती की ठरवून, आणि मग नगरची जागा कशाला राखली होती, हे तिला विचारायचे राहून गेले.

शेवटी आम्ही इथेच ठरवले. आईच्या शब्दाखातर, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. खरे सांगायचे तर थोडे आमच्यासाठीही. आमची मुले इथली आहेत. आजीच्या कबरीवर बादलीभर पाणी ओतायला कोणी जाणार असेल तर ती इथलीच मुले. काकांनी अजून पुरते माफ केलेले नाही.

नगरची मूठभर माती आणून घालावी असे वाटले होते. पण भारतातून माती आणायला इथे बंदी आहे. आपल्या सगळ्यांना व्हिसा मिळाला, मातीला मिळत नाही.

पवित्र शास्त्रात अब्राहामाची गोष्ट आहे. तो परदेशातून कनानात आलेला. देवाने त्याला तो सगळा देश देण्याचे वचन दिले होते, पण प्रत्यक्षात त्याच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. मग सारा मेली. तेव्हा हा म्हातारा परका तिथल्या हित्ती लोकांसमोर उभा राहिला आणि चारशे शेकेल रुपे मोजून बायकोसाठी एक शेत विकत घेतले, त्यातल्या गुहेत तिला ठेवले. वचनदत्त देशातली त्याची पहिली जमीन ती. लहानपणी ही गोष्ट आम्हाला कंटाळवाणी वाटायची, नुसता जमिनीचा व्यवहार. कौन्सिलच्या ऑफिसात सही करताना ती अक्षरन् अक्षर आठवली. आमचे इथले घर अजून बँकेचे आहे. ही पहिलीच जागा, जिचे पूर्ण पैसे आम्ही भरले. अर्थात इंग्लंडमध्ये अब्राहामासारखे कायमचे खरेदीखत मिळत नाही. जमीन कौन्सिलचीच राहते, दफनाचा हक्क तेवढा मिळतो, तोही ठरावीक वर्षांचा. एका वेळी जास्तीत जास्त शंभर. आमचा पन्नासचा आहे. पुनरुत्थानाची आशा अनंत, आणि लीज पन्नास वर्षांची!

आणखी एकाची त्या दिवसांत फार आठवण झाली. फादर स्टीफन्स. विल्टशरकडचा इंग्रज. १५७९ साली गोव्याला गेला तो परत आलाच नाही. मराठी शिकला, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्यातल्या पुष्कळांनी शाळेत वाचल्या असतील. येशूचे मरण आणि उठणे ज्याने पहिल्यांदा मराठी ओवीत सांगितले, तो आमच्या शेजारपाजाऱ्यांच्या देशातला. १६१९ साली तो तिकडेच वारला, त्याचा देह गोव्याच्या तांबड्या मातीत. त्याच्या आईवडिलांच्या शेजारी विल्टशरमध्ये कोणी जागा राखली होती का, कोण जाणे. काकांना आम्ही हे पत्रात लिहिले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते, "तो फादर होता, त्याला बायको नव्हती." याला आमच्याकडे जबाब नाही.

दफन २२ फेब्रुवारीला झाले. त्याआधी १४ तारखेला राखेचा बुधवार येऊन गेला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची सुरुवात. व्हिकारनी कपाळावर राखेने क्रूस काढला आणि तू माती आहेस याची आठवण करून दिली. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या क्रुसांची असते. त्या झावळ्यांतला एक क्रूस आईच्याही हातात होता. त्या वर्षी आम्हाला आठवण करून द्यायची काही गरज नव्हती.

आता तो प्रश्न, जो मंडळातले एक मित्र आम्हाला गाडीत सोडायला आले असताना विचारून गेले. "तुम्ही केमिस्ट्रीत डॉक्टरेट केलेली माणसं. खरंच मानता हे?"

हाडांचा मुख्य खनिज भाग म्हणजे हायड्रॉक्सीअपॅटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. आम्लधर्मी, ओल्या जमिनीत ते हळूहळू विरघळते. कॅल्शियम मुळे शोषून घेतात, फॉस्फरस गवतात जातो, गवत कोणीतरी खातो. अणू कोणाच्या नावावर नसतात. हे आम्हाला कळते, आणि कबर खणलेली बघताना चिकणमातीचा करडा रंग बघून डोक्यात हेच आले, हेही कबूल करतो. पण हा प्रश्न नवा नाही. पाचव्या शतकात ऑगस्टिनने तो याहून भयंकर रीतीने मांडला होता: एका माणसाचे मांस दुसऱ्याने खाल्ले, तर पुनरुत्थानाच्या दिवशी ते कोणाचे? म्हणजे आमच्या आधी सोळाशे वर्षे हुशार माणसे याच जागी अडली होती, आणि तरीही ईस्टरच्या पहाटे उठत होती. पुनरुत्थान प्रयोगशाळेत दाखवता येत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया मग्दालिया थडग्याबाहेर उभ्या असलेल्या येशूला ओळखतच नाही, माळी समजते. तो तिचे नाव घेतो तेव्हा ओळख पटते. आम्हाला एवढेच माहीत आहे, की आईचे नाव कोणीतरी घ्यावे आणि तिने नेहमीसारखे "आले, आले" म्हणत यावे, असे आम्हाला वाटते, आणि हे वाटणे खोट्या पायावर नाही असे आम्ही धरून चालतो. मित्राला त्या रात्री आम्ही फक्त म्हटले, "मानतो. रोज सारखंच नाही." ते म्हणाले, "आमचंही तसंच आहे." आणि सिग्नल हिरवा झाला.

दफनानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना झाली, सगळ्यांचे आमेन झाले, आणि व्हिकार सवयीने थांबल्या. मग त्यांच्या लक्षात आले. मागच्या बाकावरच्या एक इंग्रज आजी, ज्यांच्याशी आईचे सगळे संभाषण खुणांनी चालायचे, त्या खणखणीत म्हणाल्या, "आमेन." त्या अजून म्हणतात.

त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला आला. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून आपल्या तिथीसारखी ती दर वर्षी हलते. आणि ३१ मार्च म्हणजे नेमकी घड्याळे एक तास पुढे जायची रात्र. मराठी मंडळीतल्या सगळ्यांना सांगितले होते, नगरसारखे पहाटे दफनभूमीत जमू. फुले म्हणून डॅफोडिल. मोगरा कुठला मिळायला? इंग्लंडात डॅफोडिलला 'लेंट लिली' असेही म्हणतात, उपवासकाळात फुलते म्हणून. सहाला आम्ही पोचलो तर फाटकाला कुलूप. कौन्सिलची दफनभूमी आठला उघडते, ही पाटी आम्ही सतरा दिवसांत दहा वेळा वाचलेली, पण डोक्यात नगर होते. तिथे दफनभूमीला फाटक होते, कुलूप कधी पाहिले नव्हते.

तर आम्ही नऊ-दहा जण कुलूपबंद फाटकाबाहेर, दोन अंशांच्या थंडीत. मागे एक गाडी थांबली. वाटले पोलीस. उतरले ते मंडळाचे खजिनदार आणि काकू, थर्मास घेऊन. त्यांना फक्त 'पहाटे' एवढेच कोणीतरी सांगितले होते. म्हणाले, "आम्हाला गाणी येत नाहीत, चहा धरून उभे राहतो." पावणेसातच्या सुमाराला, नव्या घड्याळाप्रमाणे, उजाडले. आम्ही गजांतून आत बघत गायलो. कुत्रा फिरवायला आलेला एक माणूस लांब उभा राहून ऐकत होता, टोपी काढून. प्रभू उठला, असे म्हणायची वेळ आली तेव्हा आवाज कोणाचा पहिला लागावा हे ठरलेले नव्हते. आमच्या धाकट्याने ओरडून सांगितले. उत्तर आम्ही दिले, आणि खजिनदारांनीही दिले.

वसईचे कुटुंब घड्याळ पुढे करायला विसरले होते. ते पोचले तेव्हा आमचा चहा संपला होता, पण फाटक उघडायला अजून वेळ होता, म्हणून पुन्हा एकदा पहिल्यापासून गायलो.

आणि हो, आम्ही डबलच घेतली. वरची जागा कोणाची हे ठरलेले नाही. इथली एक, नगरला बाबांशेजारची एक, आणि आम्ही दोघे. हिशेब जुळतो, फक्त मध्ये समुद्र येतो. धाकटा विचारत होता, की मग मी कुठे. त्याला म्हटले, तुला अजून सकाळच्या डब्याचे ठरवता येत नाही.

पहाटेची उपासना तेव्हापासून दर ईस्टरला फाटकाबाहेर होते. मंडळातले कोणीही या, गाणी यायलाच हवीत असे नाही. २०२७ साली ईस्टर २८ मार्चला आहे, आणि घड्याळे त्याच रात्री पुन्हा पुढे जातात. आदल्या रात्रीच काटे फिरवून ठेवा. चहा खजिनदारांकडे, खारी आमच्याकडे. पाण्यासाठी बादली आणावी. आतला नळ आठनंतरच मिळतो.